जोरातलं प्यादं

१

प्रभूच्या दुपारवर कुणी घड्याळ लावून घेतलं असतं तरी चाललं असतं. कळमनुरीच्या वीज उपकेंद्रातली सकाळपाळी संपवून तो घरी यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा, डोक्यावर दोन तांबे पाणी ओतायचा आणि मधल्या खोलीत बापाच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून बुद्धिबळाचा पट मांडायचा. हिंगोली नवा जिल्हा होऊन जेमतेम वर्ष होत आलं होतं. ऊन असं तापायचं की गल्लीतली कुत्री नालीत जाऊन पडायची. बायको राधिका त्या वेळी शेजारी शिवणकामाला गेलेली असे आणि माय, नर्मदाबाई, ओसरीवर पदर तोंडावर घेऊन आडवी झालेली असे. म्हणजे खोलीत तो, पट आणि खाटेवर पडलेले आबा.

आबा म्हणजे नामाजी. सारा जन्म डोंगरकड्याच्या शिवारात मेंढरांमागे काढलेला माणूस. या माळावरून हाक दिली तर त्या माळावरची मेंढी मान वर करायची, असा आवाज. दिवाळी सरली आणि लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेंढरं विकून प्रभूने दोघांना तालुक्याला आणलं. सुरुवातीला आबा दुधात कुस्करलेली भाकर खात होते, बरे होतील असं वाटत होतं. होळीच्या सुमारास मात्र त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा पुढे आला की ओठ घट्ट. चार घोट ग्लुकोजचं पाणी, तेही राधिकाने लेकरासारखं गोंजारलं तर. नांदेडच्या डॉक्टरांनी घसा तपासला, छाती तपासली आणि प्रभूला बाहेर बोलावून सांगितलं, "गिळता येतंय त्यांना. ते खात नाहीत, एवढंच. असंच चाललं तर माणूस हाती लागायचा नाही."

पट बाहेर काढला तो आबांसाठीच. आबा वस्तीवरचे नावाजलेले खेळाडू. हात चालत नसला तरी बघून जीव रमेल, असा प्रभूचा हिशोब. पट होळीला निघाला आणि खाणं तुटलं तेही होळीलाच. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मात्र घरात कुणालाच सुचलं नाही.

२

प्रभूला त्या पटावर स्वतःचंही एक काम होतं. उपकेंद्रात प्रमोद नावाचा तरुण इंजिनिअर हिंगोलीहून बदलून आला होता. तो कॉलेजात स्पर्धा खेळलेला. जेवणाच्या सुट्टीत तो प्रभूला हरवायचा, आणि दर वेळी एकाच पद्धतीने. दोघांची राजापुढची प्यादी समोरासमोर येऊन भिडायची, एकेक घोडा बाहेर पडायचा, आणि मग प्रमोद वजिरापुढचं प्यादं दोन घरं रेटून मधोमध उभं करायचा. घे म्हणायचा. प्रभूने ते मारलं की प्रमोदचा घोडा येऊन मारणाऱ्याला मारायचा. दोन प्यादी पटाबाहेर, मधला भाग रिकामा, आणि बघता बघता प्रभूचा राजा घामाघूम.

"पण आपलं चांगलं प्यादं मरायला द्यायचं काहून?" प्रभूने विचारलं होतं.

"प्रभूभाऊ, मधे गर्दी असली की सगळे दारातच अडकून बसतात," प्रमोद म्हणाला होता. "एक तुमचं गेलं, एक आमचं गेलं, की वाट मोकळी. उंट बाहेर, हत्ती बाहेर. डाव पुढं सरकतो."

हे नुसतं ऐकून समजण्यासारखं नव्हतं. म्हणून प्रभू दुपारी दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळून बघायचा. प्यादं रेट, मार, घोड्याने परत मार. मग रिकाम्या झालेल्या त्या मधल्या घरांकडे गाल हातात धरून बघत बसायचा.

त्या दिवशी तो चहा टाकायला उठला. कप घेऊन परत आला तेव्हा मेलेली दोन्ही प्यादी पटावर उभी होती. पांढरं आपल्या जागी, काळं आपल्या जागी, आणि घोडा एक उडी मागे. मारामारी झालीच नव्हती असा पट.

उन्हाने डोकं फिरलंय, असं म्हणून तो चहा प्यायला. सहापासून दोनपर्यंत मीटरचे काटे बघणाऱ्या माणसाला आपण काय मांडलं हेही आठवत नसेल तर कठीण आहे, असं स्वतःशी हसलासुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशी हसू आलं नाही.

३

शहाणा माणूस आधी घरच्यांवर संशय घेतो. प्रभूने राधिकेला विचारलं. ती मशीनवरून आलेली, कंबर धरून बसलेली.

"आवो, मला तुमच्या त्या लाकडांना झाडू लावायला टाइम न्हाई, अन् मी खेळ मांडू?"

माय तर पटाला शिवतही नव्हती. गडीमाणसांच्या खेळाला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. आबांवर संशय घ्यावा तर त्यांना कूस बदलायला दोन माणसं लागत. तरी प्रभूने त्यांच्या डाव्या हाताच्या मुठीखाली चादरीची घडी घालून ठेवली. घडी होती तशीच राहिली आणि प्यादी परत आली.

मग त्याने विजेच्या माणसाला शोभेल अशी तोड काढली. फ्यूज काढून खिशात घातला की लाइन बंद. सकाळी निघताना त्याने मारामारी मांडली, मेलेली दोन्ही प्यादी शर्टाच्या खिशात टाकली, वरून बटण लावलं आणि ड्यूटीवर गेला. दिवसभर खिसा चाचपत राहिला. प्यादी जागच्या जागी होती.

घरी आला तर घोडा मागे गेलेला, आणि प्याद्यांच्या दोन घरांत दोन चिंचोके. एक तपकिरी, आख्खा. दुसरा दगडावर घासून पांढरा केलेला. वस्तीवर प्यादं हरवलं की आबा असेच चिंचोके वापरायचे, हे प्रभूला आठवलं. त्याने पांढरा चिंचोका उचलला. बोटांना ओली पूड लागली. नुकताच घासलेला होता.

"माय, घरात चिंच हाय का?"

"पोरा, संक्रांतीपासून आमसुलाची आमटी खाऊन राहिला तू. चिंच कुठून येईल?"

प्रभूने चिंचोके खिडकीतून फेकले आणि हात साबणाने धुतले. धुताना त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला.

४

एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, शेजारची पिठाची गिरणी थांबली, आणि गल्ली एवढी गप्प झाली की ओसरीवर मायचं घोरणं ऐकू यावं. प्रभू स्वयंपाकघरात आबांसाठी पेज ढवळत होता. मधल्या खोलीतून आवाज आला. टक.

लाकूड लाकडावर ठेवल्याचा आवाज. खेळणाऱ्याला तो कुठेही ओळखू येतो. पडलेल्या सोंगटीचा आवाज गडगडत जातो, हा तसा नव्हता. ठेवल्याचा होता. मग थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा एकदा. टक.

उंदीर असेल, पाल असेल, लाकूड उन्हाने तडकलं असेल, असं मनाशी म्हणत प्रभू पातेलं हातात तसंच धरून दारापाशी आला. खोलीत कुणी नव्हतं. प्यादी परत आली होती, पण तो पटाकडे बघत नव्हता. आबा पटाकडे बघत नव्हते, म्हणून. त्यांची नजर पटाच्या थोडी वर, पलीकडच्या बाजूला ठरली होती. मांडी घालून बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, बरोबर तिथे. आणि त्या बाजूची सतरंजी दबलेली होती. मेंढराच्या ओल्या लोकरीचा वास येत होता. मेंढरं विकून चार महिने झाले होते.

"आबा, पेज घ्या थोडी."

आबांनी त्या रिकाम्या जागेकडे बघत ओठ आवळले. डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळी प्रभूने मायला सगळं सांगितलं. तिने हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"न्यायला आलं असंल बाबा कोनी," ती म्हणाली. "येतेत तसे. बसून राहतेत उशापाशी."

"मंग तो पट आधी भायेर फेका," राधिका म्हणाली.

फेकवला नाही. आबांच्या हातच्या जुन्या सोंगट्या होत्या त्या. प्रभूने पट फडक्यात गुंडाळला, सोंगट्या डब्यात घातल्या आणि माळ्यावर टाकल्या. त्या दिवशी आबा घशातून घरघर आवाज काढत राहिले. पाण्याचा चमचासुद्धा त्यांनी डाव्या हाताने झिडकारला. रात्रभर कुणी डोळा मिटला नाही, आणि उजाडता उजाडता प्रभूने स्वतःच पट खाली काढून पुन्हा मांडला. कशासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. बाप डोळ्यांदेखत चालला होता आणि करण्यासारखं दुसरं काही हातात नव्हतं.

५

रविवारी प्रमोद आबांना बघायला आला. संत्री आणली होती. आबांची हालत त्याने पाहिली. काय बोलावं सुचेना तेव्हा माणूस जे करतो तेच त्याने केलं, पटाकडे बोट दाखवून म्हणाला, "एक डाव टाकायचा का प्रभूभाऊ?"

चार डोळ्यांदेखत काय होतं ते तरी बघू, असं म्हणून प्रभू बसला. प्रमोद काळी घेऊन पलीकडे बसायला गेला आणि का कुणास ठाऊक, थोडा बाजूला सरकून बसला. राजाची प्यादी भिडली. घोडे निघाले. प्रभूने वजिरापुढचं प्यादं मधोमध रेटलं. प्रमोदने हात पुढे केला आणि ते मारलं.

खाटेवरून आवाज आला. "ज… ज…"

दोघांनी माना वळवल्या. आबांचं तोंड वाकडं झालं होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

"जो… र. जोर हाय!"

माय ओसरीवरून धावत आली. राधिका रडायला लागली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात तो आवाज उमटला होता. फुटका होता, पण आबांचाच होता.

"काय म्हणतायत?" प्रमोदने विचारलं.

मायनेच सांगितलं. गडीमाणसांच्या खेळाला ती हात लावत नसे, पण चाळीस वर्षं भाकरी थापता थापता तिने तो ऐकला होता. वस्तीवरच्या खेळात ज्या प्याद्याच्या पाठीशी आपली दुसरी सोंगटी उभी आहे, त्याला जोर आहे. जोरातलं प्यादं कुणालाच मारता येत नाही. उघडं सापडलं तरच मारायचं. राजाच्या आणि वजिराच्या प्याद्याला दोन घरं चालायची मुभा, पण बाकी जोराला कुणी हात लावायचा नाही.

प्रभूने पटाकडे पाहिलं. पांढऱ्या प्याद्याच्या मागे वजीर उभा होता, घोडाही होता. काळ्याच्या मागे दुसरा घोडा. दोन्हींना जोर होता. होळीपासून रोज दुपारी तो जे मारत होता ते मारायचंच नव्हतं. लहानपणी शिकलेला नियम नव्या खेळाच्या नादात तो साफ विसरला होता.

प्रमोद गेल्यावर तो आबांच्या तोंडाशी कान नेऊन बसला. एकेक शब्द फार कष्टाने येत होता.

"त्यो… उपाशी…"

"कोन, आबा?"

"डाव… पुरा कर. बसून… राहिला."

मायने कपाळावर हात मारून घेतला. "अगं माय! तिकडं काहून ध्यान गेलं न्हाई माझं!" मग तिने सांगितलं. वस्तीवर कुणी डावाला बसला की डाव पुरा झाल्याशिवाय त्याने उठायचं नाही, आणि पाहुणा उपाशी बसलेला असताना घरधन्याने घास तोंडात घालायचा नाही. एकदा एक डाव दोन दिवस चालला होता. नामाजीने दोन दिवस पाण्यावर काढले होते.

प्रभू बापाकडे बघत राहिला. मरायला टेकलेला माणूस, आणि रीत पाळत होता. त्याला हुंदका आला तो त्याने येऊ दिला.

६

दुसऱ्या दिवशी राधिका आणि माय देवळात गेल्या. प्रभूने पांढरी घेतली. प्यादी भिडली, घोडे निघाले, वजिराचं प्यादं मधोमध गेलं. या वेळी त्याने काळ्या बाजूने काही मारलं नाही. काळी बाजू त्याची नव्हतीच. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

टक.

परत आला तर काळा उंट बाहेर आला होता. चाल चांगली होती.

असं सुरू झालं. हा खेळायचा, उठायचा, भिंतीकडे तोंड करायचा. आपण नुसतं लाकूड सरकवत नाही, हे त्याला पक्कं वाटत होतं. जिंकलो तर हा उठून जाईल. हरलो तर रिकाम्या हाताने जाईलच असं नाही. त्याच्या मनाचा एक भाग हे सगळं खुळचटपणाचं आहे असं बजावत होता. तोच भाग मन लावून पुढच्या चालीचा विचारही करत होता.

मधली प्यादी डोक्याला डोकं लावून उभी. कुणी कुणाला मारू शकत नाही. मागे सगळी गर्दी. प्रमोद म्हणाला होता ती दारातली गर्दी हीच, हे प्रभूला आता कळलं. आणि मारामारी कशासाठी असते तेही कळलं. तीही एक वाट होती, फक्त या घरातली नव्हती. इथे गर्दीतूनच मार्ग काढायचा होता.

एका चालीनंतर तो उठणार, तेवढ्यात आबांना ठसका लागला. प्रभू खाटेवर वाकला, त्यांची मान उचलून धरली. आणि तसं वाकलेला असताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. काळ्या घोंगडीने झाकलेला एक गुडघा. गुडघ्यावर टेकवलेला हात, बोटं सैल सोडलेली. आपली पाळी येईपर्यंत माणूस बसतो, तसा. हात म्हातारा होता आणि अंगठ्याला काळा दोरा बांधलेला होता.

त्याने मान वळवली नाही. कुणी आयुष्यभर विचारलं असतं तरी ती का वळवली नाही हे त्याने सांगितलं नसतं. आबांचा ठसका थांबला. मागे आवाज आला, टक, आणि मग त्याने पाहिलं. सतरंजी दबलेली होती, वर कुणी नव्हतं.

पटाकडे बघून त्याला आपली चूक कळली. घाईत त्याने एक उंट जोराशिवाय सोडला होता. उंट गेला. पुढच्या चालीत हत्ती अडकला. राजा कोपऱ्याकडे पळाला. आणि होळीपासून रोज दुपारी प्रभूने ज्याला पटाबाहेर काढलं होतं, ते राजापुढचं काळं प्यादं एकेक घर चालत आलं. त्याच्या मागे घोड्याचा जोर, बाजूला हत्तीचा पहारा. प्रभू शेवटचं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आवाज आला तो नेहमीपेक्षा हळू होता. बाहेर येऊन त्याने पाहिलं. प्याद्याने शह दिला होता आणि राजाला जायला घर नव्हतं.

प्यादेमात. वस्तीवर सगळ्यांत मानाचा विजय.

"हरलो आबा," तो म्हणाला. तो बापाच्या छातीवर हात ठेवून बसला, कुणी ओढलंच तर धरून ठेवायचं म्हणून.

७

सतरंजी हळूहळू वर आली. दाराचा पडदा वारा नसताना थोडा बाजूला झाला, परत जागेवर आला. लोकरीचा वास ओसरीपर्यंत गेला आणि तिथून पुढे उन्हात गेला. बस, एवढंच झालं. प्रभूच्या हाताखाली आबांची छाती हलत होती. आधी त्याला वाटलं, धाप आहे. मग कळलं, ते हसतायत.

"प्याद्यानं… मारलं," आबा म्हणाले. वाकड्या तोंडातून लाळ गळत होती आणि ते हसत होते. "पोराला… प्याद्यानं!"

"आबा!"

"भाकर… आन."

प्रभू स्वयंपाकघरात धावला, चुलीपाशी अडखळला, दुधाचं भांडं सांडता सांडता वाचलं. देवळातून माय आणि राधिका आल्या तेव्हा तो खाटेवर बसून बापाला दुधात कुस्करलेली भाकर भरवत होता, आणि आबा पुढच्या घासासाठी तोंड उघडं ठेवून बसले होते. माय दारातच खाली बसली. राधिकेने तिच्या हातातलं नारळाचं ताट घेतलं नसतं तर ते पडलंच असतं. मग चौघंही एकदम बोलायला लागले आणि कुणाचंच कुणाला ऐकू येईना. फार दिवसांनी त्या घरात असा गलका झाला.

पोटात पडल्यावर आबांना तरतरी आली. प्रभूने जवळ सरकून विचारलं, "आबा, कोन होता त्यो?"

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू एवढंही कळत नाही तुला. सांगावं की न सांगावं, याचा थोडा विचार केला, आणि तोंड पुसून घेण्यासाठी राधिकेकडे हनुवटी पुढे केली.

"चांगला… मानूस हाय," ते म्हणाले. थोडा दम घेतला. "परत येतो… म्हनलाय."

प्रभूने राधिकेकडे पाहिलं, राधिकेने पटाकडे. पटावर काळं प्यादं अजून तसंच राजासमोर उभं होतं.

नर्मदाबाईने पदर खोचला आणि ती उठली.

"येऊ दे की," ती म्हणाली. "पर या बारीला आल्या आल्या आधी जेवू घालीन मी त्याला. मंग बसा म्हनावं काय बसायचं ते."